सगुनाबाईचा सत्कार

भोपाळहून परत येऊन महिना होत आला. भिशीत बायकांनी विचारलं, "काय काय पाहिलंस गं?" मी मोठा तलाव सांगितला, पोह्यांबरोबर जिलबी खातात ते सांगितलं, तिथली थंडी सांगितली. मग कुणीतरी म्हणालं, "आणि ज्या कामाला गेली होतीस, त्याचं काय झालं?" तेव्हा मी उठून चहाचे कप गोळा करायला लागले. असे किती दिवस कप गोळा करणार? म्हणून लिहायला बसले आहे.

नेहरू नगर

माझी धाकटी बहीण मंदा लग्न होऊन भोपाळला गेली आणि तिथलीच झाली. भावोजी सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर त्यांनी नेहरू नगरात घर घेतलं. घरात मराठी अजून माहेरची चालते, पण मंदा मधूनच "ताई, जरा सबर कर" म्हणते आणि आपण काय बोललो याचा तिला पत्ताही नसतो. पहिल्या सकाळी तिनं पोहे केले. त्यात बडीशेप, वर शेव, शेजारी गरम जिलबी. मी जिलबी शेवटी खायची म्हणून बाजूला सारली, तर भावोजी पोह्यांचा एक घास, जिलबीचा एक तुकडा, असं आलटून पालटून खात बसले होते. आमच्या सांगलीत असं कुणी खाल्लं तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघतील.

मी आरोग्य खात्यात नोकरी केली. गावोगाव बायकांच्या सभा घ्यायच्या, निरोध कसा वापरायचा ते लाकडी नमुन्यावर दाखवायचं, हे माझं काम. मंदाच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई भोपाळजवळच्या खेड्यांत एक पाहणी करत होत्या आणि बायकांशी बोलायला त्यांना वयस्क, न लाजणारी बाई हवी होती. मंदानं माझं नाव सुचवलं. न लाजणारी हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पाहणीचा विषय सुंता हा होता. पुरुषाची सुंता झालेली असेल तर बाईकडून त्याला एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता कमी होते. पूर्ण टळत नाही, निरोध लागतोच, पण कमी होते. परदेशात काही ठिकाणी त्यासाठी मोठ्या माणसांची शस्त्रक्रिया करतात. आपल्याकडे तसं काही करायचं नव्हतं. ज्या गावांतले पुरुष ट्रकवर, बांधकामावर महिनोन् महिने बाहेर असतात, तिथल्या लोकांना याबद्दल काय वाटतं, एवढंच विचारायचं होतं. मी हे जेवताना समजावून सांगितलं. भावोजींनी पेपर तोंडासमोर धरला तो ताक येईपर्यंत खाली घेतला नाही.

बैरसियाच्या वाटेवर

भोपाळहून बैरसिया तालुक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, त्याचं नाव लिहीत नाही. त्या गावात एकदा एक नाव मोठ्यानं घेतलं, तेवढं पुरे झालं.

माझ्याबरोबर फ़रहीन होती, जुन्या शहरातली, पंचविशीची, पाहणीच्या नोंदी ठेवणारी. मला ती पहिल्या दिवसापासून मौसी म्हणायला लागली. जीप शहराबाहेर पडली, दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा सुरू झाला, आणि मी आपलं शहाणपण काढलं. म्हटलं, "बेटा, विषय असा नाजूक आहे. तू आपलं नाव सांगितलंस तर बायका बिचकतील. दुसरं काही सांगितलं तर?" ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग हसून म्हणाली, "घर में मुझे गुड्डी ही कहते हैं, मौसी. गुड्डी बोल दूँगी." मला वाटलं, किती समजूतदार मुलगी आहे. स्वतःबद्दल त्या वेळी मला काहीच वाटलं नाही.

अंगणवाडीच्या ओसरीवर बायका जमल्या. मी गाणं म्हटलं, नावं विचारली, मुलं किती, नवरा कुठं जातो, आणि मग विषय काढला.  आधी एकेक पदर तोंडावर गेला. मग अशी हसण्याची लाट आली की बाहेर बांधलेली म्हैस उठून उभी राहिली.

"काय बाई," गुलाबबाई नावाची म्हातारी म्हणाली, "हमको मुसलमान बनाने आई हो?"

"इस उमर में काटोगी तो बचेगा क्या?" दुसरी म्हणाली, आणि पुन्हा हसू.

मी त्यांना हसू दिलं. बायका हसल्या की पुढं बोलतात, हा माझा अनुभव. आणि बोलल्याच. एक म्हणाली, डॉक्टर सांगेल तर ठीक, बाकी कुणी सांगितलं तर नाही. एक म्हणाली, माणूस गेल्यावर भाऊबंद त्याला अंघोळ घालतात, तेव्हा ते बघतील आणि म्हणतील हा कोण होता? त्याला अग्नी द्यायचा की आणखी काही? हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मागं बसलेली एक हळूच म्हणाली, "और शहर में दंगा हो जाए तो? पैंट उतरवा के देखते हैं." त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

"ये तो तुम लोगों में होता है ना, गुड्डी?" गुलाबबाईनं फ़रहीनला सरळ विचारलं. कसं ओळखलं कोण जाणे. मी चपापले.

"हओ अम्मा, होता है," फ़रहीन म्हणाली. "मगर निरोध हमारे यहाँ भी लगता है." सगळ्या पुन्हा हसल्या. माझा शहाणपणा तिथंच उघडा पडला, आणि त्या हसण्यात एकटी मीच अवघडून बसले.

मग एकीनं विचारलं, "आदमी बचेगा. और औरत?" खोटं बोलायची माझी सवय नाही, नव्हती म्हणते. मी सांगितलं की बाईला यानं थेट संरक्षण मिळत नाही. ती म्हणाली, "तो हमसे काय को पूछ रही हो?"  फ़रहीननं ते वाक्य लिहून घेतलं.

सगुनाबाईच्या चुलीपाशी

सभा उठल्यावर सगुनाबाई मला जेवायला घेऊन गेली. ही चाळिशीची, किडकिडीत, सभेत अख्खा वेळ गप्प बसलेली बाई. तिनं गोवऱ्यांवर गक्कड भाजले होते. आपल्या बाजरीच्या भाकरीपेक्षा जाड, हातानं थापलेले गव्हाचे गोळे. राखेतून काढायचे, फडक्यात घेऊन झटकायचे, तुपात बुडवायचे. बरोबर वांग्या-टोमॅटोचं भरीत. फ़रहीन अंगणात गुलाबबाईच्या नातीच्या हातावरची मेंदी बघत होती. चुलीपाशी आम्ही दोघीच होतो.

"दीदी, एक बात कहूँ? किसी से कहना नहीं," ती म्हणाली. "हमारे इनका हो चुका है."

तिचा नवरा हरप्रसाद ट्रक चालवतो, भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यांतून माल भरून गुजरातपर्यंत जातो. त्याला नाजूक जागी जखमा व्हायच्या, कातडी आवळून गेली होती. भोपाळच्या डॉक्टरनं सांगितलं, काढावीच लागेल. त्याच वेळी तपासण्याही झाल्या. दोघंही निरोगी निघाले. डॉक्टरनं त्यांना आजाराबद्दलही समजावून सांगितलं. गावात सांगितलं की हर्नियाचं ऑपरेशन झालं. देवळाच्या भजनमंडळीत हरप्रसाद ढोलक वाजवतो, मांडी घालून बसता येईना तेव्हाही सगळ्यांना हर्निया हेच कारण सांगितलं.

"तब से ये खुद ही निरोध लाते हैं," ती लाजून म्हणाली. "पहले हम मुँह से नाम नहीं ले पाते थे. आपने इत्ते प्यार से पूछा, तो आज आ गया मुँह पे."

मला भरून आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कुणी मला आपणहून सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, कुणालाही सांगणार नाही. आणि मी सांगितलंही नाही, शब्द पाळला. जे केलं ते वेगळंच केलं.

जवाहर चौक

आमच्याकडे सभा कुठलीही असो, आभार मानल्याशिवाय उठत नाही, आणि आभारप्रदर्शन म्हटलं की माझ्या अंगात येतं. खात्यात तर बदलीच्या निरोप समारंभापासून नसबंदी शिबिरापर्यंत सगळीकडे मीच. शाल, श्रीफळ, दोन गौरवाचे शब्द. ज्याचं भलं झालं त्याचा चार लोकांत सत्कार व्हावा, त्याची मान ताठ व्हावी, यात वाईट काय, असं मला आयुष्यभर वाटत आलं.

गावात समारोपाची सभा ठरली तशी मी मंदाला घेऊन जवाहर चौकात गेले. सगळ्या बायकांना हळदीकुंकवाच्या डब्या घेतल्या आणि सगुनाबाईसाठी एक शाल, करड्या रंगाची, काठाला वेल. नारळ निवडताना माझी पिशवी कलंडली आणि कामाचा तो लाकडी नमुना घरंगळत दुकानाच्या फळीखाली गेला. दुकानदारानं वाकून तो काढला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातात देत अदबीनं म्हणाला, "मैडम, आपका बेलन." मंदा तिथून जी चालायला लागली ती रिक्षात बसूनच थांबली. घरी येईपर्यंत आम्ही दोघी डोळे पुसत हसत होतो. शाल कुणासाठी ते मी मंदाला सांगितलं नाही, फ़रहीनलाही नाही. गुपित राखते आहे याचाच मला अभिमान होता.

चौपालावर

मंगळवार होता. चौपाल म्हणजे देवळासमोरचा पार; संध्याकाळी तिथं भजन असतं म्हणून पुरुषही जमले होते. देवळाचा माइक आमच्यासाठी लावला होता. हरप्रसाद ढोलक घेऊन पायरीवर बसला होता. रुंद खांद्यांचा, मिशाळ, हसतमुख माणूस. मी सरपंचांचे आभार मानले, अंगणवाडीताईंचे मानले, चहा देणाऱ्यांचे मानले. फ़रहीननं डब्या वाटल्या. मग मी पिशवीतून शाल काढली.

"और एक बहन का मैं खास सत्कार करना चाहती हूँ," मी माझ्या हिंदीत म्हणाले. "सगुनाबाई. इन्होंने अपने घर की बात बताने की हिम्मत की."

एवढंच बोलले. बात कसली ते बोलले नाही. सगुनाबाई उठेना, तर बायकांनीच तिला पुढं ढकललं. मी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारी मी एकटीच आहे हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. पायरीवर हरप्रसाद आधी हसला होता, बायकोचं कौतुक होतंय म्हणून. मग त्याचं हसू थांबलं. सभा कशाची हे साऱ्या गावाला माहीत होतं, आणि घरची गोष्ट सांगितली म्हणून शाल एकाच बाईला मिळाली होती. शालीखाली सगुनाबाईचे खांदे दगडासारखे झाले होते. ते माझ्या बोटांना कळलं, तरी मी तिला फोटोसाठी जरा इकडे वळायला सांगितलं.

परतताना जीपमध्ये फ़रहीननं विचारलं, "मौसी, शाल उन्हीं को क्यों?" मी म्हटलं, "सहज."  घरी पोचेपर्यंत मी उरलेल्या डब्या पुन्हा पुन्हा मोजत होते.

नेहरू नगर, पुन्हा

चार दिवसांनी सगुनाबाईचा फोन फ़रहीनच्या नंबरवर आला; तिनं मंदाच्या घरी येऊन तो पुन्हा लावला आणि माझ्या हातात दिला. सगुनाबाई रडत नव्हती. सरळ बोलत होती.

"दीदी, हरनिया वाली बात खुल गई."

शाल कशाची, याचा अंदाज गावानं रात्रीतच बांधला होता. दुसऱ्या सकाळी कुणीतरी हरप्रसादला "आदाब, ख़ाँ साहब" म्हणालं. मग सगळेच म्हणायला लागले. मंडळीनं ढोलक दुसऱ्याच्या हातात दिली. त्यानं बायकोला विचारलं, तू कुणाला सांगितलंस? तिनं पाय धरून कबूल केलं. तेव्हापासून तो मंडीदीपला ट्रकमध्येच झोपत होता. गावाचं तोंड बंद होईपर्यंत घरी येणार नाही म्हणाला होता.

मी माफी मागायला लागले, तर तिनं मला थांबवलं. "माफ़ी का क्या करूँ? आपने माइक पे बोला था. माइक पे आके बोल दो कि ऐसा कुछ नहीं है. आपकी बात मानेंगे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण उगाच म्हणत असतो. मंदाच्या त्या स्वच्छ बैठकीत बसून मला ते अगदी खरोखर वाटलं. मी फ़रहीनला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "आप जो ठीक समझें, मौसी." तिच्या जागी मी असते तर दोन शब्द सुनावले असते. डॉक्टरीणबाईंना आम्ही कळवलं नाही. कळवायचं मी टाळलं, खरं म्हणजे.

माइकवर

पुन्हा मंगळवार, पुन्हा तेच देऊळ. हरप्रसाद आला होता, पण लांब, हातपंपापाशी उभा होता. सगुनाबाई बायकांच्या घोळक्यात मान खाली घालून होती. मी माइक हातात घेतला आणि इतकं सराईत खोटं बोलले की माझी मलाच ओळख पटेना. म्हटलं, सत्कार भजनांसाठी होता, सगुनाबाईनं मला घरी फार सुंदर भजनं ऐकवली. म्हटलं, हरप्रसादभाईंचं ऑपरेशन हर्नियाचंच होतं, मी स्वतः दवाखान्याचे कागद पाहिले आहेत. कागदांचं मला कुणी विचारलंही नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मंडळीचे मुखिया, खांद्यावर पांढरा गमछा घेतलेले एक वयस्क गृहस्थ, हात जोडून उठले. त्यांच्या बोलण्यात जराही उद्धटपणा नव्हता.

"मतलब मैडम, ये मुसलमानी वाला काम अपने लोगों का तो नहीं है ना?"

फ़रहीन माझ्या शेजारी माझी पाण्याची बाटली धरून उभी होती. मला बोलता आलं असतं. की हे कुणा एका लोकांचं काम नाही, कातडीला धर्म नसतो, डॉक्टरला विचारा. आयुष्यभर हेच बोलत आले होते. पण हातपंपापाशी तो माणूस उभा होता आणि घोळक्यातून सगुनाबाईनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं.

"नहीं," मी म्हणाले.

"माइक में बोलिए," मागून कुणीतरी ओरडलं.

"नहीं," मी माइकवर म्हणाले. "अपने लोगों का नहीं है."

सगळीकडे सैल झाल्यासारखं वाटलं. मुखियांनी हाक मारली, "आओ हरप्रसाद, ढोलक कौन बजाएगा?" तो आला. माझ्याकडे न बघता पायरीवर बसला, ढोलकच्या दोऱ्या आवळल्या, थाप मारून पाहिली. सगुनाबाईनं गर्दीत माझा हात दाबला. जे वाचवायला मी आले होते ते वाचलं होतं, आणि मला फ़रहीनकडे बघायचं धैर्य होत नव्हतं. मी तिच्या हातून बाटली घेतली ती खाली बघूनच.

जीपपर्यंत पोचवायला दहाबारा माणसं आली. कुणी हरभऱ्याची ताजी जुडी माझ्या मांडीवर ठेवली. गावाला पाहुण्यांचं किती अगत्य! दरवाजा लावून घेतला एवढ्यात माणसांच्या मागून एक तरुण बाई खिडकीशी आली. पदर कपाळापर्यंत, काखेत लहान मूल. सभेत ती होती की नाही, मला आठवत नव्हतं. आधी तिनं मागं वळून पाहिलं, मग अगदी हळू बोलली.

"दीदी, हमारे ये भी ट्रक पे हैं. आपकी बात सुनके मैंने इनको मना लिया था, डॉक्टर को दिखाने जाने वाले थे." ती थांबली. "तो अब रहने दें?"

मुखिया हाताच्या अंतरावर उभे होते. आणखी माणसं होती.  मी मांडीवरच्या हरभऱ्याचे घाटे सोलायला लागले.

तेवढ्यात पलीकडचा दरवाजा उघडला. फ़रहीन खाली उतरली, जीपला वळसा घालून आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या बाईला म्हणाली, "बहन, रास्ता लंबा है, मुझे बाथरूम जाना है. तुम्हारा घर पास में है क्या?"

पुरुष चटकन बाजूला झाले आणि दुसरीकडे बघायला लागले. दोघी गल्लीत वळल्या. फ़रहीननं चालता चालता तिचं मूल आपल्या कडेवर घेतलं. त्या बराच वेळ आल्या नाहीत. देवळात भजन सुरू झालं. मीही बाई होते, बाथरूमला जायचं निमित्त मलाही चाललं असतं. मी जीपमध्येच बसून राहिले.